दहावीच्या गणिताचा अभ्यास कसा करायचा, दिवाळीपासून पेपरपर्यंत

"मॅडम, वर्गात सगळं समजतं हो, पण घरी सोडवायला बसलं की पहिल्याच ओळीला अडतं." दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे नवीन बॅच येते आणि आठवडाभरात कोणीतरी हे बोलतंच. मी घरी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, मराठी माध्यमाची पण असतात आणि सेमीची पण, आणि यातली बरीच मुलं हुशार असतात, मेहनती असतात, फक्त त्यांनी गणित आतापर्यंत बघून बघून केलेलं असतं. सर फळ्यावर सोडवतात ते बघायचं, यूट्यूबवर कोणी सोडवतं ते बघायचं, गाईडमधलं उत्तर वाचायचं, मान हलवायची, पुढचं पान. समजतं सगळं, खोटं नाही ते, पण समजणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आपल्या हाताने उतरवणं वेगळं. पेपरात दुसरं मागतात.

म्हणून सगळ्यात आधी हे एक करा. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घ्या, नीट वाचा, प्रत्येक ओळ मागच्या ओळीवरून कशी आली ते स्वतःला विचारा, मग पुस्तक बंद करा आणि तेच उदाहरण वहीत करा. अडलात तर दोन-तीन मिनिटं तसंच बसा, लगेच पुस्तक उघडू नका, डोकं तेव्हाच काम करत असतं. तरी नाही सुचलं तर पुस्तक उघडा, फक्त अडलेली ओळ बघा, परत बंद. पहिल्या दिवशी एका उदाहरणाला पंधरा मिनिटं लागतील आणि वाटेल की बाकीच्यांचे तीन सरावसंच झाले आणि मी इथेच, पण महिन्याभरात तुमचा हात असा बसतो की नंतर वेळ आपोआप भरून निघतो. मी हे खूप मुलांच्या बाबतीत बघितलंय.

आता नेमकं काय करायचंय ते डोळ्यासमोर घेऊ. आपल्या महाराष्ट्र बोर्डाचे दोन पेपर असतात, भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 म्हणजे भूमिती, प्रत्येकी 40 गुण आणि 2 तास, आणि 20 गुण शाळेचे अंतर्गत मूल्यमापनाचे, असे एकूण 100. सध्याच्या बालभारतीच्या पुस्तकात भाग 1 ला सहा प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. भाग 2 ला सात: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. म्हणजे तेराच प्रकरणं. दिवाळीच्या सुट्टीत बसलात तरी रोज दीड तासाने जानेवारीच्या प्रिलिमपर्यंत सगळं एकदा हातावरून जातं, घाबरायचं कारण नाही.

आणि पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तकच, गाईड नव्हे. सरावसंच आणि प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह, हे दोन्ही स्वतःच्या हाताने पूर्ण झाले की मगच बाहेरचे प्रश्नसंच घ्या. पुस्तक हरवलं, फाटलं तर बालभारतीच्या वेबसाईटवर पीडीएफ फुकट मिळते. गाईड घरात असू दे, पण ते उत्तर ताडून बघायला. शेजारी उघडं ठेवून गणित सोडवायला बसलात की डोळा तिकडे जातोच जातो आणि हात नुसतं उतरवून काढतो.

सेमीच्या मुलांनी अजून एक करावं, आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी तर नक्कीच, वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांच्या जोड्या लिहून ठेवाव्यात. चल म्हणजे व्हेरिएबल, वृत्तचिती म्हणजे सिलिंडर, स्पर्शिका म्हणजे टँजंट, मध्यक म्हणजे मीडियन. अकरावीला सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत येतं आणि चांगली मुलं निव्वळ शब्दांमुळे दोन महिने गोंधळतात.

आता चुकांची वही. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती करावीच लागते. साधी शंभर पानी वही, त्यात फक्त आपण चुकलेली गणितं. चुकलेली ओळ जशीच्या तशी लिहायची, खाली लाल पेनाने बरोबर ओळ, आणि एका वाक्यात का चुकलं. "सिली मिस्टेक" असं लिहिलेलं मी चालवून घेत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. एक उदाहरण दाखवते, एका मुलीच्या वहीतलं.

गणित होतं 2एक्स² − 5एक्स − 3 = 0, सूत्र वापरून सोडवा. तिने लिहिलं ए = 2, बी = −5, सी = −3, बरोबर. मग बी² − 4एसी = 25 − 24 = 1. वर्गमूळ 1, म्हणून एक्स = (5 ± 1)/4, उत्तरं 3/2 आणि 1. किती छान सुटलं ना, वर्गमूळसुद्धा पूर्ण निघालं, त्यामुळे तिला शंकाच आली नाही. पण सी उणे आहे, म्हणजे −4 × 2 × (−3) हे +24 होतं, 25 + 24 = 49, वर्गमूळ 7, आणि खरी उत्तरं 3 आणि −1/2. ती म्हणाली मॅडम मी पडताळा पण घेतला होता, मुळांची बेरीज −बी/ए म्हणजे 5/2 यायला पाहिजे आणि माझी 3/2 + 1 = 5/2 च आली! बरोबर आहे तिचं, बेरीज जुळतेच, कारण वर्गमूळ काहीही आलं तरी एकदा अधिक आणि एकदा उणे होऊन ते बेरजेतून उडून जातं. गुणाकार बघितला असता तर लगेच सापडलं असतं, सी/ए = −3/2 यायला हवा आणि तिचा आला +3/2. तर त्या दिवशी तिच्या चुकांच्या वहीत गेलं: "4एसी करताना सी उणे असेल तर कंसात लिहायचं, आणि पडताळा गुणाकाराने पण घ्यायचा." त्यानंतर ही चूक तिने परत केली नाही. तिला सूत्र येतच होतं, फक्त उणे चिन्ह कंसात लिहायची सवय नव्हती, आणि हे कळायला ती चूक कागदावर दिसावी लागली.

प्रिलिमच्या आधी फक्त ही वही वाचायची, पंधरा-वीस पानं असतात, तासाभरात होतं.

पाया कच्चा असेल तर लाजू नका. दहावीत आल्यावर अपूर्णांकांची बेरीज अडतेय असं सांगायला मुलं घाबरतात, आणि मग वर्षभर प्रत्येक प्रकरणात तिथेच गुण जातात. रोज दहा मिनिटं, फक्त दहा, अपूर्णांक, चिन्हांचे नियम, कंस सोडवणं, पाढे. कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नाही, त्यामुळे 1 ते 30 चे वर्ग पाठ पाहिजेत, √2 = 1.41 आणि √3 = 1.73 पाठ पाहिजेत, आणि पायथागोरसची त्रिकुटं, 3-4-5, 5-12-13, 8-15-17, 7-24-25, ही तोंडावर असली की भूमितीत अर्धा वेळ वाचतो. आईने पोळ्या करता करता पाढे विचारायचे, ही जुनी पद्धत आहे पण अजूनही तितकीच चालते.

प्रकरणांबद्दल थोडं थोडं सांगते, सगळ्यांबद्दल सारखं नाही सांगणार, जिथे मुलं जास्त अडतात तिथेच थांबते.

शाब्दिक उदाहरणं. वयाची, होडीची, दोन अंकी संख्येची. पहिली ओळ नेहमी "मानू" ने सुरू करा, काय एक्स मानलं आणि काय वाय मानलं ते स्पष्ट शब्दांत. प्रश्न एका दमात वाचू नका, पूर्णविरामापर्यंत वाचा, तेवढ्याचं समीकरण करा, मग पुढचं वाक्य. शेवटी उत्तर मूळ प्रश्नात टाकून बघा, मुलाचं वय वडिलांपेक्षा जास्त आलं तर काहीतरी गडबड आहे, हे कळायला सूत्र लागत नाही. आणि उत्तर वाक्यात, एककासहित.

अर्थनियोजन मुलं सोडून देतात, का ते मला अजून कळलं नाही, कारण त्यात बेरीज, गुणाकार आणि शेकडेवारी याच्यापलीकडे काही नाही. हॉटेलचं बिल घरी आणा, त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे लिहिलेले असतात ते बघा. दर सरकार बदलत राहतं, पेपरात मात्र प्रश्नात दिलेलाच दर धरायचा. शेअरमध्ये एकच ठिकाणी सगळे घसरतात: लाभांश नेहमी दर्शनी किमतीवर मिळतो, बाजारभावावर नाही. 100 रुपये दर्शनी किमतीचा शेअर 120 ला घेतला, लाभांश 15 टक्के, तर एका शेअरमागे 15 रुपये मिळणार, 18 नाही. 12,000 रुपये गुंतवले तर 100 शेअर येतात, लाभांश 1,500, आणि परताव्याचा दर मात्र गुंतवणुकीवर काढायचा, म्हणजे 12.5 टक्के. हे एकदा घरच्यांना समजावून सांगा, कायमचं बसेल.

संभाव्यतेसाठी बाजारातून पत्त्यांचा एक कॅट आणा. खरंच सांगते, आजकाल खूप मुलांनी पत्ते हातात धरलेलेच नसतात, त्यांना चित्रयुक्त पत्ते 12 हे पाठ करावं लागतं आणि मग पेपरात 16 लिहून येतात कारण एक्का पण त्यात मोजतात. टेबलावर मांडा, बदाम आणि चौकट लाल 26, इस्पिक आणि किलवर काळे 26, राजा, राणी, गुलाम चार चार. दोन फाशांचा 36 चा नमुना अवकाश एकदा पूर्ण लिहून काढा, 6 गुणिले 6 चा तक्ता करून. आणि उत्तरात नमुना अवकाश, घटना, घटकांची संख्या हे सगळं लिहायचं, नुसता 5/36 लिहून मोकळं व्हायचं नाही, पायरीला गुण असतात.

सांख्यिकीत मध्यक काढताना वर्ग सलग आहेत का ते आधी बघा. 20-29, 30-39 असं दिलं असेल तर 19.5-29.5 असं करून घ्यायचं. आणि संचित वारंवारता मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची घ्यायची, त्याच वर्गाची नाही, ही चूक इतकी कॉमन आहे की मी मुलांना त्या वर्गाभोवती पेन्सिलने चौकोन करायला लावते आणि वरच्या ओळीतल्या आकड्याला बाण. श्रेढी सोपी आहे, फक्त एन काढताना काळजी घ्या, 4 ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या 12 पासून 96 पर्यंत, 84 भागिले 4 म्हणजे 21, आणि तिथे थांबतात मुलं, अहो एन − 1 आला 21, एन आहे 22.

भूमितीचं तंत्र थोडं वेगळं. तिथे आकृती हाताने, स्वतः, मोठी काढायची. पुस्तकात आकृती दिलेली असली तरी वहीत परत काढायची, आणि प्रश्नात जे जे दिलंय ते आकृतीवर लिहायचं, समान भुजांना सारख्या खुणा, काटकोनाला चौकट. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

प्रमेयं पाठ करायची की समजून घ्यायची असं पालक विचारतात. दोन्ही, पण क्रम असा: आधी समजून, मग विधान शब्दशः पाठ. सिद्धता कधीही ओळी पाठ करून नाही. स्पर्शिकाखंडाचं प्रमेय घ्या. वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूपासून काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात. आकृती काढा, केंद्रातून दोन्ही स्पर्शबिंदूंना त्रिज्या जोडा, केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडा. दोन त्रिकोण दिसतात. त्रिज्या समान, मधली रेघ दोघांत सामाईक आणि तीच कर्ण, आणि स्पर्शिकेला त्रिज्या लंब म्हणून दोन्हीकडे काटकोन. झालं, कर्णभुजा कसोटी. मनात एवढंच धरायचं की "दोन काटकोन त्रिकोण, कर्ण एकच, त्रिज्या सारख्या". मग पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही तुमची तुम्हाला लिहिता येते. मी मुद्दाम अक्षरं बदलून देते आणि आकृती उलटी करून देते, बाहेरचा बिंदू डावीकडे, कधी खाली. ज्याने पाठ केलंय तो तिथे थांबतो, ज्याला दोन त्रिकोण दिसलेत तो लिहीत सुटतो. घरी हे तुम्ही स्वतःच करू शकता. अजून एक, समरूपतेत अक्षरांचा क्रम सांभाळा, त्रिकोण एबीसी समरूप त्रिकोण पीक्यूआर लिहिलं म्हणजे ए समोर पीच यायला हवा, क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात.

रचनेचे कंस पुसू नका. मला माहितीये आकृती स्वच्छ दिसावी असं वाटतं, पण त्या कंसांनाच गुण आहेत, प्रश्नपत्रिकेवर सूचनासुद्धा असते. आधी बाजूला कच्ची आकृती, मग पक्की.

त्रिकोणमितीच्या उंची-अंतराच्या गणितात अवनत कोन डोळ्याच्या आडव्या रेषेपासून खाली मोजतात, भिंतीपासून नाही. गच्चीवर उभे राहा, समोर सरळ बघा, मग खाली उभ्या असलेल्या स्कूटरकडे बघा, मान जेवढी खाली गेली तो अवनत कोन. महत्त्वमापनात सूत्रांचा एकच तक्ता भिंतीला लावा, स्वतः लिहिलेला, आणि π च्या जागी 22/7 टाकल्यावर गुणाकार करत सुटू नका, आधी काट द्या मग गुणा.

डिसेंबरपासून आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून. पूर्ण दोन तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत, मध्ये पाणी प्यायला उठायचं नाही. पेपरचं स्वरूप हातात बसलं पाहिजे: पहिला प्रश्न 8 गुणांचा, चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. दुसरा 12 गुणांचा, त्यात कृती आणि दोन दोन गुणांची उदाहरणं. तिसरा 9 गुणांचा, तीन तीन गुणांचे. चौथा चार चार गुणांचे कोणतेही दोन, म्हणजे 8, आणि पाचवा 3 गुणांचा. 120 मिनिटं आणि 40 गुण, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. पहिल्याला पंधरा मिनिटं, दुसऱ्याला अर्धा तास, तिसऱ्याला आणि चौथ्याला साधारण अठ्ठावीस-अठ्ठावीस, पाचव्याला आठ-दहा, आणि शेवटची दहा मिनिटं तपासायला, असं माझ्या मुलांना जमतं. एखाद्या चार गुणांच्या गणितात अडकलात आणि दहा मिनिटं होऊन गेली तर जागा सोडा आणि पुढे जा. त्या एका गणिताच्या हट्टापायी मागचे येणारे सहा गुण राहिलेले मी बघितलेत आणि त्या मुलाचं रडणं अजून आठवतं.

बहुपर्यायी प्रश्नात उपप्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचं अक्षर नीट लिहा, पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच धरतात. कृती पूर्ण करताना नुसते चौकटीतले आकडे न लिहिता पूर्ण कृती उत्तरपत्रिकेत उतरवा. कच्चं काम त्याच पानावर उजवीकडे रेघ मारून. ज्याचं उत्तर शेवटपर्यंत येत नाही त्याच्याही जेवढ्या पायऱ्या येतात तेवढ्या लिहा, सूत्र लिहा, किमती भरा, पायरीचे गुण मिळतात.

पालकांना एक विनंती. शेजारच्याचा मुलगा किती क्लास लावतो ते सोडा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालतं, संध्याकाळी दहा मिनिटं मुलासमोर बसा आणि म्हणा, आज काय केलंस ते मला समजावून सांग. सांगताना तो जिथे अडखळेल तिथे त्याला स्वतःलाच कळतं की हे कच्चं आहे. माझ्याकडे एक आई होती, सातवी शिकलेल्या, शिवणकाम करायच्या, मशीनवर बसल्या बसल्या मुलीकडून रोज एक प्रमेय ऐकायच्या. मधेच विचारायच्या, "हे असं का गं?" मुलीला उत्तर द्यावंच लागायचं, कधी पुस्तक उघडून, कधी दुसऱ्या दिवशी मला विचारून. तिची भूमिती वर्गात सगळ्यात पक्की झाली.

पेपरच्या आदल्या रात्री नवीन काही नाही. चुकांची वही, सूत्रांचा तक्ता, आणि दहाला झोप. भाग 1 देऊन घरी आलात की उत्तरं जुळवत बसू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही, जेवा, तासभर झोपा आणि भूमितीच्या आकृत्या काढायला घ्या. कंपासपेटी आदल्या दिवशीच भरायची: दोन टोक केलेल्या पेन्सिली, खोडरबर, पंधरा सेंटीमीटरची पट्टी, कोनमापक, गुण्या. कंपासचा स्क्रू सैल असेल तर घट्ट करून घ्या, एक वर्तुळ काढून बघा, रेघ जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे.